एका रबरी चाकासाठी सारा मोहल्ला

रेकॉर्ड प्लेअर मुळात बिघडलेलाच नव्हता, असं नोदिराचं म्हणणं आजही कायम आहे.

"थोडा दमत होता, एवढंच," ती म्हणते. "दमलेल्याला बसू द्यावं. ह्यांनी त्याचं पोट फाडलं."

यंत्राला दमणं असा काही प्रकार नसतो, असं तिच्या नवऱ्याचं, हिकमतुल्लांचं, त्यावर उत्तर असे. म्हणजे सुरुवातीला असे. नंतर नंतर ते उत्तर देईनासे झाले, आणि मग तर 'प्लेअर' हा शब्द निघाला की उठून अंगणात द्राक्षाच्या वेलाकडे बघत उभे राहू लागले.

हिकमतुल्ला ताश्कंदच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. मोहल्ल्यात त्यांना सगळे 'डोमला' म्हणत, म्हणजे गुरुजी. या पदवीत मान होता तशी एक जोखीमही होती. कुणाच्या घरचा दिवा गेला की लोक डोमलांकडे बघून अपेक्षेनं हसत. डोमलांना दिवा का लागतो ते उत्तम सांगता येई. तो लावायचा कसा, हा त्यांच्या मते निराळा विषय होता.

ही गोष्ट सासूबाईंना फार पूर्वीच कळली होती. लग्नानंतर लगेचच जावईबापूंनी कोकंदला सासुरवाडीत इस्त्रीचा प्लग नव्यानं बसवून दिला होता. तेव्हापासून त्या घरात इस्त्री लावली की रेडिओ बंद पडे. सासूबाई, म्हणजे मुअज्जमा-ओयी, त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त जावई आल्याची चाहूल लागली की त्या इस्त्री उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

तर या मुअज्जमा-ओयींचा कोकंदहून फोन आला.

"जावईबापू, आमचा जुना प्लेअर तुमच्याकडेच आहे ना? ट्रंकेत ह्यांची ती तबकडी सापडली. समुद्रावरची. रविवारी येते. एकदा ऐकायची आहे."

'ती तबकडी' म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे, सोलीह-आता, तरुणपणी छातीच्या दुखण्यासाठी काळ्या समुद्रावरच्या आरोग्यधामात राहिले होते. तिथं एक टपरी होती. आत जाऊन यंत्रापुढं बोलायचं, की ते बोलणं एका पातळ, वाकणाऱ्या तबकडीवर कोरून मिळे. वर ताडाच्या झाडाचं चित्र. ती पाकिटात घालून घरी पाठवायची. सोलीह-आतांनी जन्मात एकदाच असं बोलकं पत्र पाठवलं होतं. ते जाऊन आता वर्ष होत आलं होतं, आणि त्यांचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या ताडाच्या झाडाखाली होतं.

"चालतो ना तो?" सासूबाईंनी विचारलं.

"उत्तम चालतो!" हिकमतुल्ला म्हणाले.

"चालत नसेल तर आत्ताच सांगा हो. कुणाला तरी दाखवू."

'कुणाला तरी' हे शब्द हिकमतुल्लांच्या काळजात रुतले. कुणाला तरी म्हणजे तुम्ही सोडून कुणालाही.

शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं तर कामगिरी अवघडच होती. अशी मऊ तबकडी म्हणजे नांगराखालची जमीन. पिन प्रत्येक फेरीला थोडा थोडा आवाज खरवडून नेते. शिवाय सगळं टेपवर उतरवून घ्यावं तर घरातला टेपरेकॉर्डर शेजारच्या एका लग्नाला गेला होता. लग्न झालं, नवरानवरी नांदू लागली, टेपरेकॉर्डर परतला नाही. तेव्हा पहिल्याच खेपेला बरोबर वाजायला हवं होतं.

त्यांनी प्लेअर लावून पाहिला. थाळी फिरली, पण झोपेतून उठवल्यासारखी. मग जरा वेग आला, मग पुन्हा मंद. मधून मधून गुडुक, गुडुक असा आवाज, आणि सगळ्याच्या मागं एक घुमणारी गुणगुण, जणू डब्यात भुंगा.

हिकमतुल्लांना आनंद झाला. तीन लक्षणं, तीन कारणं. विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगत, की एका वेळी एकच गोष्ट बदला, मग निरीक्षण करा, मग दुसरी. हा नियम त्यांना इतका प्रिय होता, की मुलीचं नाव ठेवतानाही त्यांनी तो वापरायचा प्रयत्न केला होता.

थाळी काढली. खाली यंत्राचं रहस्य अगदी साधं होतं. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची एक इवलीशी पितळी कप्पी, प्रत्येक वेगाला एक पायरी. तिच्यात आणि थाळीच्या कडेत अंग चोरून बसलेलं एक रबरी चाक. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला. मोटरच्या आसाचं ग्रीस वाळून डिंक झालं होतं, म्हणून मंदपणा. रबरी चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यामुळं त्याला खाच पडली होती, म्हणून गुडुक. गुणगुणीचं नंतर पाहू.

नियमाप्रमाणं त्यांनी आधी फक्त ग्रीस साफ केलं आणि घड्याळाचं तेल सोडलं. एक थेंब पुरला असता. परंतु एक थेंब सोडल्यावर यंत्राकडं बघताना माणसाच्या मनात जी माया दाटून येते तिचा उल्लेख कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. त्यांनी आणखी सोडलं. तेल आसावरून कप्पीवर, कप्पीवरून चाकावर गेलं आणि रबरी चाक जागच्या जागी सुळसुळ फिरू लागलं. थाळी आता मंदही फिरेना. मुळीच फिरेना.

"निरीक्षण करा," नोदिरा दारातून म्हणाली.

आता त्या चाकावर नवं रबर चढवणं एवढाच उपाय उरला. असलं काम करणारा माणूस सीमेपलीकडं अल्माटीत होता आणि नोदिराचा भाऊ त्याच रात्रीच्या गाडीनं तिकडं निघाला होता. रबरी चाक अक्रोडाएवढं. खिशात घालून नेलं असतं तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. पण हिकमतुल्ला हे विचारून करणाऱ्यांतले होते. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं, म्हणून ते चाक रुमालात बांधून त्या कचेरीत गेले.

खिडकीमागच्या बाईंनी चाक हातात न घेताच पाहिलं.

"वस्तू जुनी आहे?"

"हो ना, जुनीच. म्हणून तर दुरुस्ती..."

"जुन्या वस्तू बाहेर नेता येत नाहीत. वारसा असतो."

"म्हणजे, तशी फार जुनी नाही."

"नवी आहे? मग खरेदीची पावती दाखवा."

"नवी नाही. मधली आहे."

"मधली असा रकाना नाही." बाईंनी चहाचा घोट घेतला. "कशाचं आहे हे?"

"रेकॉर्ड प्लेअरचं."

"आणि बाकीचा प्लेअर?"

"घरी."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच भावना दिसली. "म्हणजे तुम्ही वस्तूचे तुकडे करून एकेक तुकडा बाहेर काढताय?"

हिकमतुल्लांनी आयुष्यात परीक्षेत शेजारच्याचा पेपरसुद्धा पाहिला नव्हता. त्यांचे कान तापले. वस्तू वारसा नाही असं समितीचं पत्र आणा, असा अखेर निकाल मिळाला. समिती कधी बसते? अध्यक्ष आले की. अध्यक्ष कधी येतात? समिती बसली की.

एवढ्यावर निभावलं असतं. पण रांगेत त्यांच्या बरोबर मागं, मुलाकडं परदेशी पाठवायच्या गालिच्याची वळकटी खांद्यावर घेऊन, तुर्गून-आका उभे होते. तुर्गून-आका ट्रामचे निवृत्त चालक. ट्राम चालवता चालवता उतारूंची बोलणी ऐकायची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळं त्यांच्या कानांतून काही निसटत नसे.

हिकमतुल्ला घरी पोचण्याआधी बातमी मोहल्ल्यात पोचली होती, आणि ते जेवायला बसतात तोच मोहल्ल्याचे प्रमुख अब्दुवहोब-आका दारात. डोक्याला टोपी, छातीवर हात, चेहरा मयताला आल्यासारखा.

"डोमला," ते बसत म्हणाले, "आमचं काय चुकलं?"

"छे छे, कुठं काय?"

"घराघरांत पुरुषमाणसं आहेत. हात आहेत. आणि तुम्ही एवढंसं चाक परक्या मुलखात पाठवताय. लोक काय म्हणतील? या मोहल्ल्यात एक चाक दुरुस्त होत नाही?"

"अब्दुवहोब-आका, नाजूक काम आहे ते."

"विषय संपला. शनिवारी हशर."

नोदिराच्या हातातली चहाची किटली थबकली.

हशर म्हणजे सगळ्या मोहल्ल्यानं मिळून एकाचं काम उरकायचं. घराच्या भिंती उभारायच्या, कालवा उपसायचा, छप्पर चढवायचं, की हशर. कुणी मजुरी घेत नाही. ज्याचं काम त्यानं पुलावाची कढई चढवायची. हशरला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणं म्हणजे मी तुमच्यातला नाही म्हणणं, आणि तसं म्हटलेल्या माणसाच्या मयताला खांदा द्यायला भाडोत्री माणसं आणावी लागतात. हिकमतुल्लांनी मान तुकवून छातीवर हात ठेवला.

"चाकाला," अब्दुवहोब-आका गेल्यावर नोदिरा म्हणाली. "चाकाला हशर. अहो, लोक घराला करतात."

"आपण त्यांना समजावून सांगू. एकानं काम करायचं, बाकीच्यांनी..."

"बाकीच्यांनी काय? बघत बसायचं? हशरला येऊन काम न करता पुलाव खाणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय?"

नव्हता पाहिला. इथंच खरी मेख होती. काम न करता कढईला हात लावणं ही लाजेची गोष्ट. त्यामुळं हशरला आलेल्या प्रत्येकाला काम द्यावंच लागतं. माणसं कामापेक्षा जास्त झाली तर माणसं परत पाठवत नाहीत, काम वाढवतात.

शनिवारी घरटी एक माणूस आला. गैबुल्ला तर खांद्यावर कुदळ टाकून आला. हशर म्हटलं की कुदळ, असं त्याचं साधं गणित. सगळ्यांत शेवटी दोन बाजूंनी आधार देत मीरझोहिद-बोबोंना आणलं. मोहल्ल्यातले सर्वांत वडील, ऐकू जवळपास शून्य. वेलाखालच्या मोठ्या बाजेवर त्यांना मानाच्या जागी बसवलं, चादर अंथरली, नान ठेवले, मुळा चिरून ठेवला, चहा आला, आणि नान आणि मुळा यांच्या मधोमध अब्दुवहोब-आकांनी स्वतःच्या हातानं प्लेअर आणून ठेवला.

"फक्त चाकाचं काम आहे," हिकमतुल्ला घाईनं म्हणाले. "बाकी काही काढायची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट..."

"बरोबर," तुर्गून-आका म्हणाले. "एका वेळी एकानं एकच गोष्ट काढायची. चला."

विज्ञानाच्या इतिहासात या नियमाचा इतका नेमका अनर्थ क्वचितच झाला असेल. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक गोष्ट आली. एकानं मोटर घेतली. एकानं पिनेचा दांडा घेतला आणि तो तान्ह्या बाळासारखा कापडात गुंडाळून मांडीवर ठेवला. कुणी स्प्रिंगा पुसू लागला, कुणी पेच. ज्यांना काही उरलं नाही त्यांनी लाकडी पेटीचे सांधे सुटे केले. हिकमतुल्ला बाजेभोवती नुसते गरगर फिरत होते. बिजागऱ्या घेऊन एकजण रॉकेल आणायला घरी निघाला तेव्हा ते फाटकापर्यंत त्याच्यामागं धावले.

"डोमला, मी काय करू?" गैबुल्लानं कुदळ टेकवत विचारलं.

"तू पुलाव बघ."

"पुलाव शेजारचा रहमत बघतोय. मी काय असाच खाऊ?" त्याचा आवाज कातर झाला.

हिकमतुल्लांना ती गुणगुण आठवली. यंत्राला जमिनीची तार जोडली तर कदाचित... "एक काम कर. वेलापाशी खड्डा खण. कमरेएवढा. त्यात एक लोखंडी कांब पुरायची आहे."

गैबुल्ला असा खणू लागला, जणू कुणीतरी त्याचं आयुष्य परत दिलं. पुढं लक्षात आलं, की साऱ्या हशरमध्ये शास्त्रशुद्ध असं एवढं एकच काम झालं आणि ते कुदळीनं झालं.

मुख्य विषय चाकाचा होता. तेलकट चाक घसरतं, यावर सर्वांचं एकमत. उपायावर नव्हतं.

"वाळू," तुर्गून-आका म्हणाले.

"काय?"

"चढावर ट्राम घसरायला लागली, की आम्ही रुळावर वाळू सोडतो. लगेच पकड येते. अख्खी ट्राम चढते, ही तर थाळी."

"तुर्गून-आका, हे वाद्य आहे!"

"ट्राममध्ये पण माणसं गात होती, डोमला."

अब्दुवहोब-आकांनी वाद मिटवला. आधी चाक साबणाच्या पाण्यात उकळायचं, मग पॉलिश पेपरनं घासून खाच घालवायची. नोदिरानं ते कपड्यांच्या भांड्यात उकळून दिलं. घासायला सुरुवात अर्थातच मीरझोहिद-बोबोंनी केली, कारण वडीलधाऱ्यांच्या आधी हात घालणार कोण? बोबोंनी दोनदा घासून चाक उजवीकडच्या माणसाला दिलं. त्यानं घासलं, छातीवर हात ठेवला, पुढं दिलं. चहाची वाटी जशी बैठकीत हातोहात फिरते तसं चाक फिरू लागलं. कुणालाही टाळणं शक्य नव्हतं. पहिल्या फेरीत खाच गेली. हिकमतुल्ला म्हणाले, पुरे. पण तेव्हा रॉकेल आणायला गेलेला माणूस परतला होता आणि त्याची पाळी राहिली होती. एकासाठी सुरू केलेली फेरी अर्ध्यावर थांबवणं म्हणजे पुढच्यांचा अपमान. दुसऱ्या फेरीनंतर चाक अक्रोडाचं जर्दाळूच्या बीएवढं वाटू लागलं.

"आता थाळी जोरात पळणार," कुणीतरी चिंतेनं म्हणालं. "चाक लहान झालं."

अखेर हिकमतुल्लांच्या विषयातला प्रश्न आला! ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मुळीच नाही. मधल्या चाकाच्या आकाराचा थाळीच्या वेगाशी काहीही संबंध नसतो. कप्पीची कड जेवढी सरकते तेवढीच चाकाची, आणि तेवढीच थाळीची."

कुणाचाही विश्वास बसला नव्हता.

"म्हणजे," तुर्गून-आका सावकाश म्हणाले, "गाढवी आणि तिचं पिल्लू एका दोरीला बांधलं, तर पिल्लाचे पाय भराभर हलतात, पण बाजारात दोघं एकदमच पोचतात."

"तेच! तेच तर मी म्हणतोय!"

"मग एवढा वेळ दुसरंच काय बोलत होता?"

हास्याचा गडगडाट झाला. आणि नेमक्या त्याच क्षणी फाटक वाजलं. कोकंदहून कुणाची तरी मोटार येत होती म्हणून मुअज्जमा-ओयी एक दिवस आधीच आल्या होत्या.

त्या फाटकात उभ्या राहिल्या. एका हातात खरबूज, दुसऱ्या हातानं छातीशी धरलेलं सपाट पाकीट. त्यांच्यासमोर वेलाखाली मोहल्ल्यातले सगळे पुरुष गोल बसले होते. मधल्या चादरीवर, नान आणि मुळ्याच्या सालींमध्ये, त्यांच्या नवऱ्यानं हौसेनं आणलेला प्लेअर शंभर ठिकाणी पसरला होता. मोटर एका ताटलीत होती. थाळीवर कुणीतरी टरबुजाच्या फोडी मांडल्या होत्या. कोपऱ्यात गैबुल्ला कमरेपर्यंत खड्ड्यात उभा होता.

सगळे पुरुष उठून उभे राहिले. गैबुल्ला आधीच उभा होता, पण निम्माच दिसला.

"बरे आहात ना, जावईबापू?" ओयींनी रीतीप्रमाणं सुरुवात केली. "मुलं बरी? तब्येत बरी? शाळा बरी? घर शांत आहे ना?" एकेक प्रश्न विचारताना त्यांची नजर चादरीवरच्या एकेका तुकड्यावरून जात होती. त्यांनी द्राक्षांची चौकशी केली, शेजाऱ्यांच्या सुनांची केली, अगदी मांजराचीही केली. प्लेअरची तेवढी केली नाही. मग त्या नोदिराशेजारी जाऊन बसल्या आणि पाकीट मांडीवर ठेवून हिकमतुल्लांच्या हातांकडं बघू लागल्या.

त्या नजरेखाली हिकमतुल्लांच्या हातांतून आधी एक पेच निसटला, मग पेचकस, मग धीर.

जोडणी सुरू झाली. जशी सुटी केली तशीच, प्रत्येकानं आपापली वस्तू आपापल्या हातानं बसवायची. हिकमतुल्ला ओरडून सांगत होते, की ही स्प्रिंग अशी, तो पेच तिथं. पण एका वेळी इतके हात पेटीत होते की आत काय चाललंय ते दिसेना. अखेर झाकण लागलं. चादरीवर दोन पेच उरले होते. आत, उलट, कुणाच्या तरी कोटाचं एक बटण जास्तीचं गेलं होतं. दोन्हींची गोळाबेरीज जवळपास जुळते, असं अब्दुवहोब-आका म्हणाले.

"आता एखादी साधी रेकॉर्ड लावून तपासू," हिकमतुल्ला म्हणाले. त्यांनी तशी रेकॉर्ड काढून हाताशी ठेवली होती. "वेग, पिनेचं वजन, सगळं नीट..."

पण मीरझोहिद-बोबोंनी दोन्ही तळहात वर उघडले होते. काम संपलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आशीर्वादाला सुरुवात केली. सगळ्यांचे हात आपोआप वर झाले, हिकमतुल्लांचेही. बोबोंनी घराला बरकत मागितली, यंत्राला दीर्घायुष्य मागितलं, गेलेल्यांना शांती मागितली आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. सगळ्यांनी हात फिरवले. आमीन.

"फक्त एकदा तपासतो," हिकमतुल्ला पुटपुटले.

"दुआ झाली, डोमला," अब्दुवहोब-आका हळूच म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता पण डोळे नव्हते. "बोबोंच्या दुआनंतर तपासणार?"

एकीकडं प्रायोगिक पद्धती होती आणि दुसरीकडं मोहल्ल्यातला सर्वांत वृद्ध माणूस प्रसन्न चेहऱ्यानं चहा मागत होता. हिकमतुल्लांनी साधी रेकॉर्ड बाजूला ठेवली.

मुअज्जमा-ओयी उठल्या. पाकिटातून त्यांनी ती पातळ तबकडी काढली, बाहीनं पुसली आणि स्वतःच थाळीवर ठेवली. हिकमतुल्लांनी बटण वळवून हळू वेगाच्या खुणेवर ठेवलं. तार कांबेला जोडलेली होती; भुंगा खरंच गप्प झाला होता. गुडुकही नव्हतं. थाळी फिरू लागली, एकसारखी, लोण्यासारखी. हिकमतुल्लांचे डोळे भरून आले. त्यांनी दांडा उचलला आणि पिन टेकवली.

आणि त्या पेटीतून एक चिमणी ओरडली.

चिमणीच. चिवचिव, किचकिच, अखंड, दम न घेता, कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखी. त्या चिवचिवाटात ऐकणाऱ्याला एखादाच शब्द सापडत होता. 'मुअज्जमा' असं काहीतरी, 'समुद्र' असं काहीतरी, 'मटण' असं काहीतरी.

तुर्गून-आकांनी डोळे मिटून घेतले. गैबुल्लानं टोपी काढून पुन्हा घातली. हिकमतुल्लांना मात्र एका क्षणात सगळं कळलं. कप्पी! पायऱ्यांची ती पितळी कप्पी कुणीतरी उलटी बसवली होती. हळूच्या जागी जलद पायरी आली होती. सासरे जवळपास अडीचपट वेगानं बोलत होते. आणि पिन नांगरत होती. जगातला शेवटचा आवाज चिमणीच्या रूपात खरवडून निघत होता. त्यांनी ओयींकडं पाहिलं.

ओयींचे ओठ हलत होते. ते पत्र त्यांना तोंडपाठ होतं. त्या मनातल्या मनात नवऱ्याबरोबर बोलत होत्या, पण नवरा केव्हाच पुढं निघून गेला होता. त्यांनी एकदा, दोनदा त्याला गाठायचा प्रयत्न केला. मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"ओयी," हिकमतुल्ला कासावीस होऊन पुढं धावले, "रडू नका ओयी, माझी चूक, आत्ता थांबवतो, एकच पेच आहे..."

ओयींनी रुमाल खाली घेतला. त्या हसत होत्या. अशा हसत होत्या की नोदिरानं आईला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अल्ला!" त्यांनी श्वास घेतला. "नोदिरा, ऐकलंस? तुझा बाप! अगं, हा माणूस एक वाक्य सुरू करायचा आणि मी कणीक मळून ठेवायचे, तरी क्रियापद यायचं नाही! सगळ्या संसारात ह्यांच्या तोंडून एक गोष्ट सरळ शेवटाला गेलेली मी ऐकली नाही, मध्येच झोप लागायची." पेटीतली चिमणी आणखी काहीतरी किंचाळली आणि थांबली. "बघ! संपलंसुद्धा! 'तुझी फार आठवण येते' एवढं म्हणायला ह्यांना तिथं अर्धी तबकडी लागली होती. आज एका दमात म्हणाले."

मग मोहल्ला हसला. आधी गैबुल्ला, मग सगळेच. मीरझोहिद-बोबोंना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, सोलीह पहिल्यापासूनच गुणी.

"परत लावा," ओयी म्हणाल्या.

"लावतो," हिकमतुल्ला पेचकस शोधत म्हणाले. "आधी कप्पी सरळ करतो. अर्धं मिनिट. मग अगदी खरा आवाज, त्यांचा स्वतःचा..."

मुअज्जमा-ओयींचा हात प्लेअरच्या झाकणावर आला. त्यांचं हसू ओसरलं, आणि त्यांनी जावयाकडं कधी नव्हे इतक्या मायेनं पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा तुम्ही हात लावलेली वस्तू चालली आहे. आता कृपा करून तिला हात लावू नका."

पुलाव आला. सगळ्यांनी केल्या कामाचा म्हणून खाल्ला. हिकमतुल्ला कढईपाशी उभे होते. पेचकस त्यांना केव्हाच सापडला होता, तो पाठीमागं लपवलेल्या हातात होता. वेलाखाली ओयींनी चौथ्यांदा पिन टेकवली. चिवचिवाट आता पहिल्याइतका स्वच्छ नव्हता, कडेनं जरा खरखरत होता. तबकडी अशी आणखी थोड्या वेळा वाजली की सोलीह-आता कायमचे जाणार, हे त्या अंगणात एकट्या हिकमतुल्लांनाच कळत होतं, आणि जायचे ते धापा टाकतच जाणार होते. दोष कुठं आहे ते त्यांना केसाइतकं अचूक ठाऊक होतं. एक कप्पी. एक पेच. उजवीकडं दोन वळसे.

"डोमला, तुम्ही का नाही खात?" अब्दुवहोब-आकांनी हाक मारली. "या, बसा. तुम्हीही थोडीफार मदत केलीत की."